शनिवारचे रिकामे उद्योग

आमच्या कंपनीत शनिवारी दुपारी कामाचं काम केलेलं मला खपत नाही. आठवड्याचे पाच दिवस गिऱ्हाइकाचे, शनिवारची दुपार रिकाम्या उद्योगांची. कोणी सांगितलेलं नाही, कोणी मागितलेलं नाही असं काहीतरी करून आणायचं, चार वाजता सगळ्यांसमोर उभं राहून दाखवायचं, आणि बाकीच्यांनी भडंग खात त्याची यथेच्छ खेचायची. आमच्यातल्या एकानं कुकरची शिट्टी ऐकून आत डाळ आहे की बटाटे ते ओळखणारं सॉफ्टवेअर केलं होतं. ते दहातल्या सहा वेळा चुकायचं, पण इतक्या ठामपणे चुकायचं की आम्ही त्याला उभं राहून टाळ्या दिल्या. ही प्रथा मी सुरू केली आणि तिचा मला भारी अभिमान होता.

मी सम्मेद मगदूम. कोल्हापुरात आमची 'कणगी' नावाची कंपनी आहे, तीस-पस्तीस माणसांची. धान्याच्या आणि गुळाच्या गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. आम्ही म्हणजे खरं तर सुकन्या बनवते. सुकन्या माझी बायको आणि कंपनीतली भागीदार. मी विकतो, बोलतो, लोकांना हसवतो. आमच्या धंद्यात बोलणाऱ्याला जरा खालच्या पाटावर बसवतात, पण सुकन्येनं मला कधी कमी लेखलं नाही. माझा विनोद अर्ध्यावर असतानाच ती हसायला लागायची, कारण पुढचं तिला आधीच कळलेलं असायचं. माझ्या चहावरची साय ती न विचारता चमच्यानं काढून टाकायची. मला साय बघवत नाही, लहानपणापासून.

गुरुवारी मला मिरजेला जायचं आहे. त्याआधी हे सगळं लिहून व्हायला हवं, कारण नंतर मला ते असं लिहावंसं वाटणार नाही.

तर गोष्ट अशी की सुकन्येनं शनिवारी काही आणणं बंद केलं. आधी वाटलं, कामाचा ताण असेल. मग दोन महिने झाले, सहा झाले, दोन वर्षं झाली. चार वाजता ती मागच्या खुर्चीवर बसायची, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायची आणि भडंगातले शेंगदाणे वेचून खायची.

आता कोड लिहायला माणूस लागत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काय हवं ते सांगा, यंत्र पोत्यानं लिहून देतं. पण सगळं बरोबर चालत असताना 'तरी हे मला आवडलेलं नाही' म्हणून येरझाऱ्या घालायला माणूसच लागतो. यंत्राला सांगितलेलं काम झालं की समाधान असतं. असमाधान फुकट मिळत नाही आणि नवीन जे काही निघतं ते त्यातूनच निघतं. 'कणगी'त ते असमाधान एकट्या सुकन्येकडे होतं, आणि तेच आटलं होतं.

एकदा जेवताना तिनं मला सांगायचा प्रयत्न केला होता. म्हणाली, कंटाळा आलाय असं नाही, राग नाही, दुःख नाही. कामाकडं बघितलं की काहीच वाटत नाही. मी म्हणालो, बरं झालं, नाहीतर मला वाटलं होतं नवऱ्याकडं बघून असं होतंय. ती हसली. मीही हसलो आणि भाकरी मागितली. ही जागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच सुमारास राज्यभर गोदामं असलेली एक बडी कंपनी आमच्याकडे आली. त्यांची अट सरळ होती: आठ महिन्यांत नवी प्रणाली द्या, आणि तिच्यात दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी असलं पाहिजे. मी हो म्हणून बसलो. हो म्हणणं हेच माझं काम आहे. मग घरी येऊन सुकन्येला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली आणि पेपर वाचायला लागली.

मिरजेच्या डॉक्टर यास्मिन शिकलगार यांचं नाव मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी घडवतात. यास्मिनबाई मेंदूकडे वळल्या. त्यांच्या उपचाराचं नाव 'ओढ-कलम'.

त्याचं शास्त्र त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. आपण एखादी आठवण काढतो तेव्हा ती मेंदूत काही तास मऊ पडते आणि मग पुन्हा घट्ट होते. हे शास्त्रज्ञांना बरीच वर्षं माहीत होतं. बाईंनी शोधलं ते त्याच्या पुढचं. आठवण वेगळी आणि आठवणीची ओढ वेगळी. मेंदूच्या आत खोलवर आनंदाची एक जागा आहे, तिथून धागे निघून आठवणींपर्यंत जातात. ज्या आठवणीला जास्त धागे, तिच्याकडे आपण पुन्हापुन्हा वळतो. आठवण मऊ असताना डोक्यावर बसवलेल्या टोपीतून अगदी बारीक ध्वनिलहरींचा झोत त्या धाग्यांवर सोडला, तर त्यांची टोकं सुटतात. त्याच वेळी माणसासमोर दुसरी गोष्ट ठेवली, तर आठवण पुन्हा घट्ट होईपर्यंत ती टोकं त्या दुसऱ्या गोष्टीला धरतात. आठवण जागच्या जागी राहते, एक अक्षर पुसलं जात नाही. ओढ तेवढी दुसरीकडे जाते.

मी आत्ता लिहिलं तितक्याच स्वच्छपणे बाईंनी सांगितलं होतं. तरी आम्ही दोघांनी ते चुकीचं ऐकलं, आणि ती चूक आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. त्यांचा शब्द होता 'स्थलांतर'. गोदामाची माहिती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत हलवणं हे आमचं रोजचं काम, आणि त्याचा पहिला नियम असा की जुनं पुसायचं नाही. नवं तीन महिने बिनबोभाट चालल्याशिवाय जुन्याला हात लावणाऱ्याला मी स्वतः हाकललं असतं. इतकी वर्षं हेच केल्यावर 'हलवणं' म्हणजे 'आणखी एक प्रत काढणं' असंच डोक्यात पक्कं बसतं. आंब्याची कलमं बांधणारा माळी शेजारी असता, तर त्यानं एका वाक्यात सांगितलं असतं की कापून नेलेली फांदी जुन्या झाडावर राहत नाही.

मग कोणत्या आठवणीची ओढ काढून कामावर लावायची याची चाचणी झाली. सुकन्येला टोपी घातली, आणि ती एकेक आठवण काढेल तशी पडद्यावर शंभरपैकी आकडे उमटायला लागले. गडहिंग्लजचं माहेर, एकेचाळीस. कॉलेजातलं बक्षीस, अडतीस. आमचं लग्न, बावीस. मी म्हणालो, जेवण खारट होतं, त्याचे कापले असतील. ती टोपीसकट हसली.

मग तिला राजारामपुरीतली खोली आठवली. पिठाच्या गिरणीच्या वरची ती खोली म्हणजे आमची पहिली कचेरी. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि कीबोर्डवर पिठाचा थर बसायचा. आम्ही एका व्यापाऱ्यासाठी, गुळाची कोणती ढेप आधी पाघळेल ते सांगणारं सॉफ्टवेअर करत होतो. पडद्यावर आकडा आला त्र्याण्णव.

डॉक्टरबाईंनी विचारलं, यात कामाचा वाटा किती आणि यांचा किती?

"काम निमित्त होतं," सुकन्या म्हणाली. "माझा चष्मा पिठानं भरायचा आणि हा दर तासाला शर्टाच्या टोकानं पुसून द्यायचा. तो कधी भरतोय याची मी वाट बघत बसायचे."

बाई म्हणाल्या, ही घेऊ नका. दुसरी शोधू, साठ-पासष्ट पुरतात. पण मला उभ्या जन्मात कोणी त्र्याण्णव गुण दिले नव्हते. शिवाय आठ महिने, बडी कंपनी, दिलेला शब्द. मी म्हणालो, हीच घ्या. बाई कागद आणायला आत गेल्या तेव्हा सुकन्येनं मला हळूच विचारलं, चालेल ना रे? मी म्हणालो, न चालायला काय झालं, जुनं कुठं जातंय?

हे बाईंना विचारायचं होतं, आणि मी ते बायकोला सांगितलं. अकरा पानांवर आम्ही दोघांनी न वाचता सह्या केल्या. लोकांना न वाचता 'मान्य आहे' दाबायला लावण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना कागद वाचायची सवय कुठून असणार?

पुढच्या सोमवारी सुकन्या सात वाजताच कचेरीत हजर होती. बुधवारी तिनं आमच्या प्रणालीची जुनी रचना आख्खी मोडीत काढली. त्या शनिवारी चार वाजता ती सगळ्यांच्या आधी उभी राहिली, आणि दोन वर्षं साठलेलं धरण फुटावं तशी बोलली. मार्केट यार्डातल्या एका गोदामात जाऊन ती ज्वारीच्या पोत्यांना कान लावून बसली होती. हमाल हसत होते. तिचं म्हणणं असं की धान्याला सोंडे लागले की ते आतून कुरतडतात, आणि कुरतडण्याला आवाज असतो. माणसाला ऐकू येत नाही, पण चांगल्या माइकला येतो. पोतं फोडून बघायच्या तीन आठवडे आधी गोदाम स्वतःच सांगेल की आपल्या पोटात दुखतंय. टाळ्या थांबेनात. मी कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसले, आणि खोटं कशाला बोलू, त्यातले निम्मे अश्रू कराराचे होते.

घरी चहा आला तो सायीसकट. मी चमचा घेऊन साय काढली आणि प्यायलो. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आठवड्यानं मी एक नवाकोरा किस्सा सांगितला, शेवटपर्यंत सांगितला, आणि ती नम्रपणे शेवटपर्यंत थांबली. मग म्हणाली, छान आहे. बँकेतल्या काउंटरवरच्या माणसाला आपण म्हणतो ना, तसं. ती माझ्याशी भांडत नव्हती, टाळत नव्हती, तब्येतीची चौकशीही करायची. मी तिच्या खोलीत गेलो की पडद्यावरून नजर काढायची आणि मी काय म्हणतोय ते ऐकायची, आणि माझं झाल्यावर पुन्हा पडद्याकडे वळताना तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी ओळखत होतो. गिरणीवरच्या खोलीत चष्मा पुसून परत दिला की अगदी तेच यायचं.

तीन महिने झाल्यावर मी एकटा मिरजेला गेलो. आवाज चढवला. डॉक्टरबाईंनी चौथं पान काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यावर लिहिलं होतं: 'जिथून ओढ काढली जाईल तिथे ती उरणार नाही.' खाली माझी सही, लफ्फेदार.

मी विचारलं, परत आणता येईल?

"येईल," बाई म्हणाल्या. "पण महिन्या-दीड महिन्याच्या आत आणा. ओढ जिथं राहते तिथलं वळण घेते. माझे अब्बा म्हणायचे, एका वाद्यावरची जुनी तार काढून दुसऱ्यावर चढवली की ती आधीचे पीळ सोडत नाही."

महिना-दीड महिना. प्रणाली द्यायला अजून पाच महिने होते. परतीच्या वाटेवर मी गाडीत स्वतःला समजावत राहिलो की पस्तीस घरांच्या चुली या कामावर आहेत. ते खरंच होतं, पण मला तो करार हवा होता हे त्याहून खरं होतं. घरी आल्यावर मी सुकन्येला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, काम देऊन होऊ दे, मग तू म्हणशील ते करू, शब्द देते. पाच महिने मिळाले म्हणून तिला हायसं वाटलं, ते मला दिसलं. आणि तीच थांबू म्हणाली म्हणून मला हायसं वाटलं. आता उशीर झाला तर दोष माझ्या एकट्याच्या माथी येणार नव्हता.

पाच महिने आम्ही एका घरात चांगल्या शेजाऱ्यांसारखे राहिलो. मी साय काढायला शिकलो. सुकन्या दर शनिवारी काही ना काही आणायची, आणि ते सगळं त्या प्रणालीबद्दलच असायचं. रिकामा उद्योग असा तिच्याकडे उरलाच नव्हता. माझ्याच नियमानुसार मी तिला अडवायला हवं होतं. मी भडंग खात राहिलो.

प्रणाली वेळेच्या आधी सहा दिवस पूर्ण झाली. बड्या कंपनीच्या लोकांनी नाशिकच्या गोदामात ती चालवून बघितली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं तुरीच्या एका थप्पीकडे बोट दाखवलं. पोतं फोडलं तर आत पीठ झालेलं. सत्कार झाला, फेटे बांधले, पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकन्येनं दिलेला शब्द पाळला. मिरजेला निघण्याआधी तिनं कचेरीत एक तास मागितला. मी दाराशी उभा होतो. ती पडद्यावर काही लिहीत नव्हती, नुसती वर-खाली वाचत होती, मधूनच एखाद्या ओळीवर बोट ठेवत होती. मग उठून माझ्याजवळ आली.

"सम्मेद, आज तू माझ्याकडून काय काढून घेतोयस ते मला दिसतंय," ती म्हणाली. "मागच्या वेळी तुझ्याकडून काय जातंय ते मला दिसलं नव्हतं. तुला आत्ता माझं दिसतंय ना?"

दिसत होतं. तिनं चपला घातल्या, मी गाडी काढली. वाटेत अंकलीच्या पुलावर ती रडली, आवाज न करता. मी गाडी वळवली नाही. माझ्या हातून आजवर झालेल्या गोष्टींमध्ये मला सर्वांत जास्त लाज याची वाटते, आणि पुन्हा ती वेळ आली तरी मी वळवणार नाही हेही मला माहीत आहे.

टोपीखाली तिनं आपल्या कोडची आठवण काढली आणि चार तास समोर मला बसवलं. चौथ्या तासाच्या सुमाराला तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आयुष्यात कोणी बघितलेलं नाही, गिरणीवरच्या खोलीतसुद्धा नाही. मी हमसून हमसून रडलो. डॉक्टरबाई मात्र आपल्या पडद्याकडेच बघत होत्या.

पहिले दोन दिवस मी हवेत होतो. ती कचेरीत जायचं नावच काढेना. माझ्याबरोबर बसायची, माझ्यामागून या खोलीतून त्या खोलीत यायची, मी बोलताना डोळ्यांची पापणी लववायची नाही. तिसऱ्या दिवशी मी चहा पीत होतो. त्यावर साय होती.

"तू पिताना तीनदा थांबतोस," ती म्हणाली. "का?"

मी म्हणालो, साय. तिचे डोळे लकाकले. तिनं वही ओढली आणि टिपून घेतलं.

मग मला कळलं की ती काय करतेय. मी झोपेत कोणत्या कुशीवर घोरतो, कोणत्या कुशीवर नाही. आईला फोनवर रोज 'जेवलो' म्हणून खोटं सांगतो ते किती वाजता. एकच वाक्य गिऱ्हाइकाशी कसं बोलतो आणि वॉचमनशी कसं. रागानं नव्हे, तक्रार म्हणूनही नव्हे. इतक्या मायेनं आणि इतक्या चिकाटीनं की माझ्यावर कोणी तेवढे कष्ट कधी घेतले नसतील. आठ महिने ती ओढ कोडवर राहिली होती आणि तिथलं वळण घेऊन आली होती. सुकन्येचं माझ्यावर पुन्हा प्रेम बसलं होतं. फक्त ती ज्यावर प्रेम करते ते तिला आहे तसं ठेवता येत नव्हतं.

गेल्या शनिवारी चार वाजता ती कचेरीत आली. सगळ्यांना आनंद झाला, जागा करून दिली, चहा आणला. ती पुढे जाऊन उभी राहिली आणि पडदा लावला. वर लिहिलं होतं: 'सम्मेद, सुधारित आवृत्ती'.

लोकांना वाटलं गंमत आहे. मलाही पहिलं अर्धं मिनिट तसंच वाटलं. सतरा दोष होते, आमच्या पद्धतीप्रमाणे तीन थरांत लावलेले: सवडीने, महत्त्वाचे, तातडीचे. सायीचा तिटकारा 'सवडीने'मध्ये होता, रोज अर्धा चमचा वाढवत सवय लावायची असा उपाय लिहिलेला. घोरणं 'महत्त्वाचे'मध्ये. 'तातडीचे'मध्ये एकच होता.

मी म्हणालो, बघा, माझं कौतुक करायला हिला सतरा मुद्दे लागले, माझ्या आईला एकही सापडला नव्हता. सगळे खदखदून हसले. सुकन्या हसली नाही. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"हाच," ती म्हणाली. "मी काही गंभीर बोलायला लागले की तो हसवतो. मला आठवतात तेवढ्या वेळा मोजल्या. दोनशे चौदा." मग तिचा आवाज फार मऊ झाला. "गेल्या वर्षी जेवताना मी त्याला सांगत होते की मला काहीच वाटत नाही. तो तेव्हा थांबला असता तर मी पुढचं बोलले असते. मला मिरजेला जायला लागलंच नसतं."

तोंडात भडंग घेतलेला माणूस चावायचा थांबला तर खोली किती शांत होते ते मला त्या दिवशी कळलं. कोणी खेचली नाही. कुकरवाला पोरगा खाली बघत होता. आणि ती म्हणाली ते खरं होतं, अक्षरन्‌अक्षर खरं होतं. खोटं असतं तर मी त्यावर काहीतरी बोललो असतो.

तिचा उपाय तिनं तिथंच सांगितला. माझी लोकांना हसवण्याची ओढ तिनं डॉक्टरबाईंकडून मोजून घ्यायचं ठरवलंय. ऐंशीच्या वर असणार असा तिचा अंदाज आहे. ती काढायची आणि ऐकण्यावर लावायची. गुरुवार ठरलाय. विनोद मला सगळे आठवतील, सांगावेसे वाटणार नाहीत. तेवढाच फरक, असं ती म्हणाली, आणि आनंदानं तिचा चेहरा फुलला.

डॉक्टरबाईंनी मला कालपर्यंत तीनदा फोन केला. नको म्हणा, त्या म्हणाल्या, कागदावर तुमची सही लागते, ती तुमच्याच हातात आहे. आता तरी ऐका. मी त्यांना सांगितलं की गुरुवारनंतर मी फार छान ऐकणार आहे. त्या हसल्या नाहीत.

आज दुपारी कागद घरी आले. मला यंदाच चाळिशी लागली आहे, चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही. सुकन्येनं माझा चष्मा घेतला, ओढणीच्या टोकानं पुसला, उजेडाकडे धरून कुठं डाग राहिला नाही ना ते तपासलं, पुन्हा पुसला आणि मला दिला. मग समोर बसून राहिली. या खेपेला मी अकराच्या अकरा पानं वाचली. चौथ्या पानावर तेच वाक्य होतं. ते वाचताना मला एक फर्मास विनोद सुचला. इतका फर्मास की पूर्वीची सुकन्या तो अर्ध्यावर असतानाच हसली असती. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे माझ्यावर खिळलेले होते आणि लखलखत होते, आणि ते लखलखणं मला पुन्हा कधीच गमवायचं नव्हतं.

मी विनोद गिळला आणि सही केली. तिला ते कळलं. तिनं यादीत 'तातडीचे'खालच्या एकुलत्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि साय धरलेला चहा माझ्याकडे सरकवला.